डोके घरून भिजवून यावे

डोंबिवलीला राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो आणि गल्लीच्या वळणावर जागच्या जागी थबकलो. एका पत्र्याच्या दुकानाबाहेर लांबलचक बाकड्यावर पुरुषमंडळी ओळीने बसली होती. सगळ्यांची डोकी ओली. कोणाच्या कानाच्या पाळीवरून पाणी ठिबकत होतं, कोणाच्या खांद्यावर पंचा होता. फारसं कोणी बोलत नव्हतं.

मी पटकन हादरणारा माणूस आहे. स्मशानातून आंघोळ करून परतलेली माणसं मला लांबून ओळखता येतात. म्हटलं, आपण नवीन असलो म्हणून काय झालं, शेजारधर्म आहे. चपला बाजूला काढल्या, चेहरा पाडला आणि बाकड्याच्या टोकाला जाऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांना हलक्या आवाजात म्हणालो, "फार वाईट झालं." ते म्हणाले, "काय करणार, रविवार आहे."

या उत्तराचा अर्थ लावतोय एवढ्यात आतून पांढरा सदरा घातलेला एक सडपातळ माणूस बाहेर आला. ओळख ना पाळख, त्याने सरळ माझ्या केसांतून बोटं फिरवली. "कोरडं आहे," तो म्हणाला, "घरी जाऊन भिजवून या, मग बसा." दुःखाच्या घरातलं कोणीतरी कर्तं माणूस सुतकाचा नियम सांगतंय असं समजून मी मान डोलावली आणि परत फिरलो. दूध राहिलंच.

घरी येऊन मी आदल्या दिवशी जपून भरलेली बादली डोक्यावर ओतली. आमची ही आधी कडाडली. पण गल्लीत कोणीतरी गेलंय हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. तिने तासाभरात दोन्ही केलं, डबा भरला आणि विचारत विचारत त्या पांढऱ्या सदऱ्यावाल्याची दुकानामागची खोली गाठली. दार उघडलं त्याच्या बायकोने. हिने डबा पुढे केला आणि म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या. जाणारं माणूस काही परत येत नाही." त्या बाईने विचारलं, कोण गेलं? ही म्हणाली, तुमच्याकडलंच कोणीतरी. मग त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून आमच्या हिनेही डोळ्यांना पदर लावला. ती हसत होती.

ते दुकान म्हणजे 'प्रकाश केशकर्तनालय', तो माणूस म्हणजे त्याचा मालक रघूशेठ आणि ती त्याची बायको शेवंतावहिनी. दुकानावर पाटी होती, ती बसलेल्या मंडळींच्या नादात मी वाचलीच नव्हती. 'डोके घरून भिजवून यावे. कोरड्या डोक्यास कात्री लागणार नाही.'

पिठलं-भात त्यांनी परत पाठवला नाही. दुःखाच्या घरी आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं, मग दुःख नसलं म्हणून काय झालं, असं रघूशेठचं म्हणणं. दोघांनी तो दुपारी हसत हसत खाल्ला आणि संध्याकाळी डबा परत केला. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात एक कोवळा दुधी घातला होता. त्या दुधीबद्दल पुढे सांगतो. आत्ता सांगितलं तर तुमचं जेवण राहून जाईल.

रघूशेठ मूळचा संगमेश्वरकडचा. बोलणं कमी, पण एक वाक्य त्याच्या तोंडी सारखं असायचं: "उरलं पाहिजे." साबण, पाणी, कागद, ऊन, काहीही असो, ते वापरून उरलं पाहिजे. मी त्याला सुरुवातीला नुसता चिक्कू समजत होतो. पण चिक्कू माणूस साठवतो आणि लपवतो. रघूशेठ उरलेलं झाकण उघडून दाखवायचा.

केस कापायला पहिल्यांदा खुर्चीत बसलो तेव्हा अंगावर चादर येईल म्हणून मी मान पुढे केली. चादर आली नाही, छत्री आली. काड्या आणि दांडा काढलेल्या जुन्या काळ्या छत्रीचं कापड. टोकाशी जिथे भोक असतं ते कापून मोठं केलेलं, त्यातून माझं डोकं बाहेर. समोरच्या आरशात मी स्वतःला पाहिलं आणि ओळखलं नाही. चारी बाजूंनी छत्रीची टोकं लोंबत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून रघूशेठने समजूत घातली. चादर म्हटली की धुणं आलं. छत्री झटकली की झालं. देवाने छत्रीचं कापड केस चिकटू नयेत म्हणूनच केलंय, असं त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की देवाने ते पावसासाठी केलंय हे मलाही क्षणभर आठवेना.

दाढीचं आणखी वेगळं. वस्तऱ्याला लागलेला फेस इतर दुकानांत रबराच्या तुकड्याला पुसतात आणि मग तो तुकडा धुतात. रघूशेठ जुन्या वर्तमानपत्राचे तळहाताएवढे चौकोन कापून ठेवायचा, एक गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवायचा आणि त्यावर फेस पुसायचा. आता माणसाला खुर्चीत दुसरं काम काय? तो आपल्या खांद्यावरची बातमी वाचणार. मी एकदा एका खुनाची बातमी मान वाकडी करून वाचत होतो. नवऱ्याला अटक झाली होती, शेजारी फुटला होता, न्यायाधीश निकाल वाचायला उभे राहिले होते आणि फेस आला. उरलेला निकाल बाकड्यावरच्या एका तात्यांच्या खांद्यावर गेला असणार म्हणून मी त्यांना विचारलं, तर त्यांना ज्वारीचे भाव मिळाले होते. तो नवरा सुटला की लटकला, मला आजतागायत कळलेलं नाही.

दुकानाचं नाव 'प्रकाश', पण आत दिवा नव्हता. खुर्ची उन्हाबरोबर फिरायची. सकाळी ती दारात असायची, दुपारी खिडकीशी, आणि चार वाजता निम्मी रस्त्यावर. ढग आला तर रघूशेठ कात्री वर धरून थांबायचा. एकदा माझी डावी बाजू कापून झाली आणि आभाळ भरून आलं. मी तसाच ऑफिसला गेलेलो. साहेबांनी दिवसभर माझ्या उजव्या बाजूकडे बघितलं नाही.

आता तो दुधी. आमच्या घरी तो नियमाने येऊ लागला होता. आमची ही त्याची भाजी करायची, थालीपीठ करायची, पाहुणे आले की हलवा. इतका गोड दुधी बाजारात मिळत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. एके दिवशी मी रघूशेठला विचारलं, खत कुठलं घालता? तो मला दुकानामागे घेऊन गेला. पत्र्यावर वेल पसरला होता. वेलाच्या बुंध्याशी त्याने काठीने माती उकरली आणि मी दोन पावलं मागे सरकलो. खाली केस होते. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, कुरळे, सरळ. अख्ख्या गल्लीचे. "यात तुमचेपण आहेत," तो प्रेमाने म्हणाला.

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही कढईसमोर उभी होती. तिने गॅस बंद केला, थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा लावला. शेणखत घालतात तेव्हा तुम्ही नाक मुरडता का, असं मला विचारलं आणि भाजीत खोबरं घातलं. हादरायचं काम आमच्या घरात मी एकटाच करतो.

एक गोष्ट मात्र मी रोज बघायचो आणि तिचा मला मनापासून राग यायचा. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी यायचं नेमकं सकाळच्या गर्दीत. नळ जायची वेळ झाली की शेवंतावहिनी कमरेवर पितळी कळशी घेऊन दुकानाच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "भरू का?" रघूशेठ हातातलं काम थांबवायचा, कोपऱ्यातल्या हंड्यावरचं झाकण उचलायचा, हंडा जरा त्यांच्याकडे कलता करायचा आणि म्हणायचा, "नको. कालचं उरलंय." त्या वाकून बघायच्या, समाधानाने मान हलवायच्या आणि रिकामी कळशी घेऊन परत जायच्या. मला वाटायचं, कालच्या पाण्याने आजची दाढी करणारा नवरा आणि त्याचं कौतुक वाटणारी बायको. देवाने जोडी बघून जमवली होती.

पुढे समोरच्या नव्या इमारतीत एक चकचकीत सलून निघालं. तिथे तिन्ही भिंतींना आरसे, डोक्यावर पंखा, टेपवर गाणी आणि पाण्याची फवारणी करणारी बाटली. मान मागे टाकून डोकं धुवायचं भांडंसुद्धा होतं. कोरड्या डोक्याने जायचं आणि ओल्या डोक्याने यायचं. गल्लीला हे नवीनच होतं. महिन्याभरात रघूशेठच्या बाकड्यावर बसायला जागाच जागा झाली. रविवारी सकाळीही तो दारात हात मागे बांधून उभा असायचा आणि समोर फुसफुस फवारणाऱ्या बाटलीकडे बघत राहायचा.

मला ते बघवेना. दुकान बंद पडलं तर हा माणूस या वयात जाणार कुठे? एका दुपारी मी त्याला खूप समजावलं. म्हटलं, एक पिंप घ्या, पाणी भरायला माणूस ठेवा आणि ती पाटी काढा. लोकांना चार थेंब पाणी हवंय, तेवढंही तुम्ही देत नाही. तो चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होता. बराच वेळ घासला. मग उठून मागच्या खोलीचं दार लोटलेलं आहे ना ते बघून आला.

"साहेब, हे दुकान उघडलं तेव्हापासून इथलं पाणी शेवंता भरायची," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून मी नळावर कसा जाणार? मग ती गेली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. एक दिवस इथं उंबऱ्यातच बसली. श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाला, छातीचं दुखणं आहे, वजन उचलायचं नाही."

मी म्हटलं, मग तर माणूस ठेवाच.

"माणूस ठेवला तर तिला वाटणार, आपला आता उपयोग नाही. त्या माणसाच्या आधी नळावर जाऊन उभी राहील. मी ओळखतो ना तिला. तिला नको म्हटलेलं चालत नाही, उरलंय म्हटलेलं चालतं. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा तिच्या नकळत मी हंडा भरतो, तो आठवडाभर पुरवायचा. म्हणून रोज उरलं पाहिजे."

मी खुर्चीतच होतो, अंगावर छत्री होती. छत्री धुवावी लागत नाही. कागद धुवावा लागत नाही. डोकी घरून भिजून येतात. एकेक करून त्याने दुकानातून पाणी हद्दपार केलं होतं आणि आम्ही सगळे ते हसण्यावारी नेत होतो. मी इतका हेलावलो की म्हणालो, "आणि तो दिवा लावत नाही, तोही त्यांच्यासाठीच का हो?"

"छे. बिल येतं ना," रघूशेठ म्हणाला.

जाताना त्याने बजावलं, कोणाला सांगू नका. गल्लीत बोललात की नळावर पोचतं, आणि नळावर तिच्या मैत्रिणी असतात. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर डोक्याबरोबर मान आणि कानांच्या मागची बाजूही भिजवून जाऊ लागलो.

दुकान तगलं ते उन्हाळ्याने. त्या वर्षी कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि गल्लीला कित्येक दिवस पाणी नाही. समोरच्या सलूनची बाटली कोरडी पडली, डोकं धुवायच्या भांड्यात मालकाने फण्या ठेवल्या आणि शटर ओढलं. घरी भिजवून यायलाही कोणाकडे पाणी नव्हतं. तेव्हा रघूशेठने पाटी उलटी केली, हंड्यातल्या लोटाभर पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि त्या ओल्या फडक्याने एकेक डोकं पुसून अख्खं बाकडं कापून काढलं. संध्याकाळी झाकण उघडून सगळ्यांना हंडा दाखवला. पाणी उरलं होतं. त्यानंतर जी मंडळी परत आली ती कायमची. समोरची गाणी ऐकत इथे केस कापून घ्यायचे, अशी सोय झाली.

नव्वदनंतर गल्लीचे दिवस पालटले. जागामालकाने सगळ्या दुकानांना आत नळ दिले. 'प्रकाश'मध्येही भिंतीला पितळी नळ आला, खाली छोटं बेसिन आलं. आम्हाला वाटलं, आता पाटी उतरणार. रघूशेठने नळाला नॅपकिन अडकवला आणि पाटीला नवीन रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत असताना शेवंतावहिनी कमरेवर कळशी घेऊन दारात हजर. नळ त्यांच्या नजरेसमोर होता. त्यांनी विचारलं, "भरू का?" याने हंडा कलता केला आणि सांगितलं, "नको. कालचं उरलंय." दोघांच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी मात्र छत्रीत थिजून बसलो होतो.

काही वर्षं ते असंच चालू राहिलं. मग एका शनिवारी रात्री शेवंतावहिनी झोपेतच गेल्या.

रविवारी सकाळी आम्ही सगळे स्मशानातून परतलो आणि रघूशेठला खोलीवर पोचवून दुकानाबाहेरच्या बाकड्यावर टेकलो. सगळ्यांची डोकी ओली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेवढ्यात गल्लीत नवीन राहायला आलेला एक तरुण टॉवेलने केस पुसत आला, आमच्या शेवटी बसला आणि म्हणाला, "आज लई गर्दी दिसते." मग त्याला बंद फळ्या दिसल्या आणि तो हळूच उठून गेला.

दुपारी आमची ही पिठलं-भाताचा डबा घेऊन गेली. रघूशेठने झाकण उघडून आत पाहिलं आणि तो पहिल्यांदा रडला. "वहिनी, मागच्या वेळी आम्ही हे दोघांनी हसत हसत खाल्लेलं," तो म्हणाला.

त्या रात्री हिने मला एक गोष्ट सांगितली. ती तिला कधीचीच ठाऊक होती. शेवंतावहिनी तिच्यापाशी बोलल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "ताई, मला आता रिकामी कळशीसुद्धा जड होते. पण न्यायची. नाही गेले तर ह्यांना कळंल की माझ्यानं आता होत नाही. ते उरलंय म्हणतात आणि मी बघितल्यासारखं करते. त्यांना बरं वाटतं." म्हणजे त्याने इतकी वर्षं तिला कळू दिलं नाही आणि तिने कळलेलं त्याला कळू दिलं नाही. मी हिला म्हटलं, तू मला बोलली नाहीस? ती म्हणाली, तुम्ही हादरला असतात.

दिवसकार्य झाल्यावर दुकान उघडलं. मी सवयीने डोकं भिजवून गेलो आणि आधी वर पाहिलं. पाटी नव्हती. तिच्या जागी पत्र्यावर स्वच्छ चौकोन राहिला होता. मी खुर्चीत बसलो. रघूशेठने छत्री घातली, नळ पूर्ण सोडला, लोटा भरला आणि माझ्या भिजलेल्या डोक्यावर उपडा केला. पाणी मानेवरून आत गेलं, पाठीवरून उतरलं, छत्रीच्या टोकांवरून खाली धारा लागल्या. त्याने दुसरा लोटा ओतला. मागे नळ वाहतच होता. त्या दुकानात मी छत्री पाहिली होती, केसांवर वाढलेला दुधी पाहिला होता, पण असला धक्का मला कधी बसला नव्हता.

"शेठ, अहो पाणी," मी कसाबसा म्हणालो.

"वाहू दे," तो म्हणाला. "उरलं तर सांगायचं कोणाला?"

बाकड्यावरची मंडळी खाली बघत बसली. ओल्या कपड्यांनी घरी जाताना मला इतकं वाईट वाटत होतं की मी हिला सगळं सांगितलं, अगदी नळाच्या आवाजासकट. तिने ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी दाढीला जायचं होतं. पाटी नाही म्हणून मी डोकं कोरडंच ठेवून गेलो आणि रांगेत बसलो. आत बेसिनचा नळ मोठ्याने वाहत होता आणि रघूशेठ त्याकडे पाठ करून कोणाची तरी दाढी करत होता. गल्लीच्या नळाची जायची वेळ झाली. तेवढ्यात वळणावरून आमची ही येताना दिसली. आठवडाभर डोक्यात काय चाललं होतं ते तिने मलाही कळू दिलं नव्हतं. तिच्या कमरेवर आमच्या घरातली कळशी होती, रिकामी. ती बाकड्यावरून पुढे गेली, माझ्याकडे न बघता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, भरू का?"

रघूशेठचा हात थांबला. तो वळला नाही. नळाचं पाणी वाहत होतं. मग त्याने वस्तरा खाली ठेवला, कोपऱ्यात गेला, हंड्यावरचं झाकण उचललं. आत पाणी होतं की नाही देव जाणे. त्याने हंडा तिच्याकडे कलता केला.

"नको वहिनी," तो म्हणाला. "कालचं उरलंय."

हिने वाकून बघितलं, मान हलवली आणि परत गेली. रघूशेठने जाऊन नळ बंद केला, घट्ट पिळला आणि त्यावर नॅपकिन अडकवला. डोळे पुसायला त्याने खांद्यावरचं फडकं घेतलं. मग बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि पहिल्या दिवशी फिरवली होती तशी माझ्या केसांतून बोटं फिरवली.

"कोरडं आहे, साहेब," तो म्हणाला. "घरी जाऊन भिजवून या."

मी जवळजवळ धावतच घरी गेलो.